नळीची बैठक

रॅनफर्ली, ता. ४ मार्च १९७४

चि. आर्ची यास डूगलचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी रायफल आज रेल्वे पार्सलने रवाना केली आहे. दस्त्याच्या लाकडात नळी ज्या खाचेत घट्ट बसते, ती नळीची बैठक लुकण घालून नव्याने भरली आहे. ती घरीच तपासावी. नळी व लाकूड जेथे भेटतात तेथे बोट ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. बोटाखाली काही हलल्यास बैठक वाईट समजावी.

निकाल खरा कळवावा. हरणांचा हंगाम तोंडावर असून शेजाऱ्यांच्या चार रायफली माझ्याकडे आल्या आहेत. माझा हात चुकत असेल तर त्या परत केल्या पाहिजेत. गोळी वाकडी लागलेले हरण झाडीत जाऊन तडफडत मरते. तुझी वहिनी जीन गेल्यापासून हे कामच मला सोबत आहे; परंतु ते निकालात धरू नये.

तुझा वडील बंधू,
डूगल

होकिटिका, ता. ११ मार्च

ती. दादांस आर्चीचा सा. न. वि. वि.

रायफल पोचली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लगेच तपासली. नळी तसूभरही हलली नाही. काम सुरेख झालंय, लाकडाची कड तर बघत राहावी अशी. मेरी म्हणते, दादांसारखा हात या बेटावर दुसरा नाही, मलाही पटलं. शेजाऱ्यांची कामं खुशाल घ्या. इकडे नुसता पाऊस.

तुमचा,
आर्ची

रॅनफर्ली, ता. १८ मार्च

चि. आर्ची यास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. प्रथम आनंद झाला. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा उमगले. पार्सल बांधण्यापूर्वी मीही तपासणी केली होती. बोटाखाली नळी उचलली गेली. माझे बोटच थरथरले असेल, अशी मी समजूत करून घेतली.

तू जन्मात माझ्या कामाची स्तुती केलेली नाहीस. माझ्या लग्नासाठी मी केलेल्या टेबलास तू लंगडी मेंढी म्हणालास, आणि ते टेबल सरळ उभे होते. बैठक चांगली असती तर तू पॉलिशला नावे ठेवली असतीस.

राग नाही. आज चारही रायफली परत केल्या. शेजारचा मकी म्हणाला, की म्हातारबा, घाई कुणाला आहे, हंगाम सरल्यावर करा. मी नकार दिला. तो बराच वेळ दारात टोपी फिरवीत उभा राहिला.

माझी बैठक खरवडून तू स्वतः नवी भरावी. तोवर त्या रायफलीने शिकार करू नये.

ईस्टरला दोघांनी यावे. कामाची खोली रिकामी केली आहे. तुमची खाट तेथे मावेल. लोभ आहे तसाच ठेवावा, परंतु खरे सांगून.

डूगल