कोर्टात केलेलं कौतुक

कोल्हापूर,
१४ सप्टेंबर १९७८

प्रमोदिनी,

वेगळे झाल्यापासून सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, क्षमा कर. हेही पाठवायचा धीर होईलसं वाटत नाही.

आपली नंदू वीस वर्षांची झाली तरी मनानं पाचाचीच आहे. अशा मुलीची पोटगी बापाला चुकत नाही, हे वकिलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ती काही कामधंदा करू शकत असेल तर मात्र सुटाल," ते म्हणाले. ती गजरे करते असं सांगायचं मीच सुचवलं. एका गजऱ्याला तिला अख्खी दुपार लागायची, हे पाहिलेलं असूनही बोललो नाही.

आज साक्षीत मी म्हणालो, "मुलगी हुशार आहे. गजरे उत्तम करते." तू मान खाली घातलीस. नंदू मात्र उठून मोठ्यानं म्हणाली, "बघ की आई, आबा मला हुशार म्हणाले."

माझ्या तोंडून तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

बाहेर वकील हसून म्हणाले, "भर कोर्टात खणखणीत बोलून पोरीनंच जिंकून दिली की केस, मास्तर."

तुझा अपराधी,
नृसिंह

उद्या: नंदू पोट भरू शकत नाही हे मला ठाऊक होतं, असं कोर्टाला लिहून देणे.