दाजींचं मुखकमळ आणि गच्चीचं पाणी

ती. व्यंकटराव दाजी यांस,

उमाशंकरचा साष्टांग नमस्कार (गुडघे धरलेत, तेव्हा सप्तांगच समजावा). तुमचं पित्त आणि सिंधूताई, दोन्ही शांत असतील अशी आशा आहे.

आमच्या अहमदपूरच्या वाचनालयाला तुम्ही दगड दिला, म्हणून दर्शनी भागावर तुमचं मुख कोरायचं ठरलं. असल्या कामात घाई नको, म्हणून मी मल्लिनाथ पाथरवटाला घेऊन थेट मुंबई गाठली. बंदराजवळ इंग्रजांची एक जुनी सरकारी इमारत आहे. तिच्याखाली माना अवघडेपर्यंत उभे राहिलो. दाराच्या कमानींवर मिशाळ साहेबांची दगडी तोंडं, आणि सगळ्यांत वर, छताच्या कडेला, जबडे वासलेले सिंह नि मगरी. साहेबाला मानपान कळत नाही, हे माझं मत तिथंच पक्कं झालं. स्वतः खाली बसून जनावरं डोक्यावर! (शिवाय खालच्या साहेबांवर कबुतरं काय करतात ते लिहीत नाही, तुमच्याकडे पत्र मोठ्यानं वाचतात.) मी मल्लिनाथला बजावलं, "दाजी गावचे जावई. त्यांच्या वर कुणी नको. सिंह बसलाय, तिथं तसंच बसव."

"हाव सर."

मुख देखणं झालं. नाक तर मूळ प्रतीहून सरळ. पण परवा गच्ची धुतली आणि सगळं पाणी तुमच्या मुखातून धो धो बाहेर पडलं. ते सिंह म्हणजे पावसाचं पाणी लांब फेकायचे पन्हाळे होते (संस्कृतात प्रणाल, हा शब्द मुंबईत आठवला नाही). खाली आमचे अध्यक्ष आप्पासाहेब उभे होते. निथळत म्हणाले, "पाव्हण्यानं पुरता सत्कार केला की ओ!" मल्लिनाथ निवांत. "सर, सिंहावानी बसव म्हणलाव. त्याच्या तोंडाला भोक हुतं, मी बी पाडलो."

दाजी, रुसू नका. जन्हू ऋषींनी गंगा कानातून सोडली. तुम्ही सरळ मुखातून सोडता, म्हणजे त्यांच्याहून सरसच. उद्घाटनाचा नारळ तुम्हीच फोडायचा. तुम्ही आला नाहीत तर ताईची माहेरची वाट बंद, आणि आई मला ताट वाढायची नाही.

आपला,
उमाशंकर

ता. क. भोक बुजवायला मल्लिनाथ तयार आहे, पण मग पाणी पुस्तकांवर उतरतं. तेव्हा 'माझं तोंड उघडं राहू द्यावं' एवढी संमती सहीनिशी पाठवा.

ता. क. २. हे पत्र टाकायचं राहून गेलं. ताई काल बाजाराला आली होती, ती तुम्हाला न सांगता बघून गेली. "लग्न झाल्यापासून ह्यांचं तोंड मिटलंय कधी?" म्हणाली आणि तुमच्या वतीनं सही करून मोकळी झाली. तुम्ही नुसते या.