नोझल तुंबलं तर

प्रिय धाकट्या,

दादाचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

तू तिसऱ्यांदा बाप होणार, हे ऐकून बरं वाटलं. तुझी वहिनीही हसली, आणि मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

तुझी मजा आहे बाबा. औषधाच्या वासाने तुला उलटी व्हायची, म्हणून अप्पांनी फवारणीचा पंप कायम माझ्याच पाठीवर चढवला. बारा वर्षं बाग मी फवारली. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचो. लाडही तुझे झाले आणि पोरंही तुलाच झाली.

इथे प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुतो. तिथल्या बाई अंडकोषातल्या, पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी बशीत वाढवतात. त्या पेशींवर कीटकनाशकाचा किंचित अंश टाकला, तर त्या जगल्या, पण हार्मोन निम्मंच बनवू लागल्या. बाटलीवर आपल्याच औषधाचं नाव होतं. मला मूल झालं नाही ते त्यामुळेच का, हे बाई छातीठोकपणे सांगत नाहीत.

आता पंप तुझ्या पाठीवर आहे. हातमोजे घाल, तोंड बांध. नोझल तोंडाला लावू नकोस, ब्रशने साफ कर.

हे फोनवर बोलवेना. ती बाटली मी दोन महिन्यांपूर्वीच पाहिली होती. मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "दादा, नोझल तुंबलंय, काय करू?"

सगळं माहीत असून मी म्हणालो, "फुंक की तोंडाने."

जळका, पण तुझाच,
दादा