मादाम आक्का आणि एकशे त्रेचाळीस माणसांचं गाव

अल् खुवैर, मस्कत
१३ फेब्रुवारी २०१६

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्या जावेचा, मैनाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवलेलंच आहे, पाय झाडायचा असेल तर आत्ताच झाडून घ्या.) डोळ्याचं काय म्हणतोय डॉक्टर, मोतीबिंदू पिकला की अजून थांबाच? गुडघा कसा आहे? तांबडी व्याली का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण आज एकोणीस दिवस झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र शिमग्याला घरी येणाऱ्या जितेशकडे देते आहे. पोटच्या लेकाच्या हातचं पाकीट तरी तुम्ही चुलीत घालणार नाही. तुम्हाला अक्षर दिसत नाही, तेव्हा भाऊजीच वाचून दाखवत असणार. भाऊजी, नमस्कार. कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही, ते फक्त आक्कांच्या कानात सांगायचं.

आम्ही इथे बरे आहोत. निशांत आणि सूनबाई देविका सकाळी दोन गाड्यांतून दोन दिशांना जातात. या भागात पायी चालणारी मी एकटीच, त्यामुळे बिल्डिंगचा वॉचमन मला रोज विचारतो, अम्मा, कुछ गिर गया क्या. (त्याला म्हटलं, हो बाबा, इज्जत पडली आहे, सापडली तर आणून दे. तो खरंच गाडीखाली वाकून बघायला लागला.)

आता झालं काय ते मुळापासून सांगते, म्हणजे तुम्हाला राग नीट करता येईल. माझी नात सोनल सातवीत आहे आणि शाळेत तिने फ्रेंच घेतलं आहे. (मराठीतलं एक वाक्य संपेपर्यंत पोरीला घाम फुटतो, आणि ते फ्रेंच कसं धडाधडा बोलते.) तिच्या बाई आहेत बिलकीस मिस म्हणून. त्यांनी प्रत्येक पोराला फ्रान्समधलं एकेक बारकं गाव वाटून दिलं आणि सांगितलं, याचा भूगोल आणि इतिहास लिहून आणा. सोनलच्या वाट्याला आलं ओर्व्हिये. लिहायला हे नाव चांगलं लांबलचक आहे, पण शेवटची अक्षरं म्हणायचीच नाहीत म्हणे. म्हटलं, मग लिहिता कशाला, शाई काय फुकट येते?

भूगोल मला लगेच समजला. वर डोंगर, खाली ओहोळ, मध्ये देऊळ. शाळा पोरं नाहीत म्हणून बंद. पाववाला गाडी घेऊन आठवड्यातून दोनदा येतो. म्हणजे आपली वाडीच, फक्त फणस नाहीत. माणसं एकूण एकशे त्रेचाळीस, आणि त्यांना स्वतःचा महापौर आहे. (भाऊजींना सरपंचकीला पडल्याचं अजून वाईट वाटत असेल तर सांगा, तिकडे जाऊन उभं राहा, सत्तर मतांत काम होतं.) देवळासमोर एक दगड आहे, त्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईत मेलेल्या पोरांची नावं कोरली आहेत. एकवीस नावं, त्यातली पाच एकाच घरातली. सोनलने ती भराभर वाचली, मी तिला परत हळू वाचायला लावली. तेव्हा गावात सहाशे माणसं होती. बाकीची कुठे गेली विचारलं, तर म्हणाली शहरात, नोकरीला. म्हटलं, म्हणजे त्यांचंही एक मस्कत असणार.

इतिहासाचं मात्र अडलं. पाहिजेत दोन पानं, आणि कॉम्प्युटरवर मिळतात चार ओळी. पोर रडकुंडीला आली. मी पोहे निवडत बसले होते, आणि तुम्हाला माहीत आहे, हात कामात असले की माझं तोंड मोकाट सुटतं. तिला म्हटलं, एवढ्याशा गावात राजे आणि लढाया कुठून येणार? कोण कोणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही, तोच तिथला इतिहास. त्या चार ओळींत एक ओळ होती की उन्हाळ्यात त्यांच्या संताची मूर्ती खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात. झालं. मी सुरूच झाले. म्हटलं, लिही, मूर्ती पहिल्यांदा मानाच्या घरी जाते. ज्या अंगणात रांगोळी नसेल त्या घरात सुतक आहे असं समजून ती न थांबता पुढे जाते आणि त्या वर्षी मागे वळत नाही. आणि लिही, एका वर्षी मानाच्या घरची थोरली सून झोपून राहिली, रांगोळी काढलीच नाही, आणि देव दारावरून निघून गेला. तेव्हापासून सगळं गाव सणाच्या दिवशी तिला विचारतं, काय बाई, जाग आली का?

हो, आक्का. तीच गोष्ट. नावं फ्रेंच कर असं मी तिला बजावलं होतं. तिने भाऊजींचं बाळकृष्ण बदलून मस्यू बालू केलं, पण तुमचं नाव तसंच ठेवलं. तिला वाटलं, मादाम आक्का हे फ्रेंचच वाटतं.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. शाळेने गेल्या महिन्यात एका शनिवारी प्रदर्शन ठेवलं आणि चांगल्या तीन निबंधांत आपल्या सोनलचा आला. तो स्टेजवर वाचायचा होता. मी मोरपिशी पातळ नेसून पहिल्या रांगेत. जितेशलाही मीच हौसेने बोलावलं होतं, तो बिचारा अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, अर्धा दिवस सुटी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून रुवीहून आला. सोनल इंग्रजीत वाचत होती, मला अर्धं कळत होतं. डोंगर झाला, ओहोळ झाला, दगडावरची नावं झाली, तेव्हा हॉल अगदी गप्प होता. मग आल्या मादाम आक्का. देव दारावरून गेला आणि बाई घोरतायत, तिथे चारशे माणसं हसली. (घोरणं मी सांगितलं नव्हतं. ते सोनलचं.) मीही हसायला तोंड उघडलं आणि शेजारी बघितलं. जितेश हसत नव्हता. तो मोबाईल धरून शूटिंग करत होता, नातलगांना दाखवायला म्हणून सुरू केलेलं, आणि त्याचा हात तसाच वर राहिला होता. निबंध संपल्यावर तो उठला आणि गेला. मी त्याच्यासाठी वडे केले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. संध्याकाळी ते शूटिंग घरच्या ग्रुपवर आलं. खाली त्याने एकच ओळ लिहिली होती, काकी, माझ्या आईला इथेही सोडलं नाहीस.

आक्का, मला आयुष्यात पुष्कळ जण पुष्कळ बोलले आहेत. सासूबाई तर रोजच बोलायच्या. पण ही ओळ मला गिळता येईना.

एवढ्यावर भागलं नाही. बिलकीस मिसने सोनलला विचारलं, हा इतिहास तुला मिळाला कुठे? सोनलने ठोकून दिलं, माझी आजी तिथलीच आहे. मग आजीला शाळेत बोलावणं. बाईंनी माझ्या पातळाकडे पाहिलं, कुंकू नसलेल्या कपाळाकडे पाहिलं, आणि हिंदीत अगदी अदबीने विचारलं, आप ओर्व्हिये में कितने साल रहीं? मी म्हटलं, बेटी, गाँव दूसरा है, पर बात सच्ची है. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सच्ची है तो अपने गाँव के नाम से लिखवाइए, और जो हुआ वही लिखवाइए. मान खाली घालून परत आले.

घरी आल्यावर सोनल नवी वही घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, आजी, आता खरं सांग, ती आजी झोपली होती हे कोणी पाहिलं? आक्का, बारा वर्षांची पोर. पेन उघडून बसली होती. मी उठून गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली.

तर गावाचं नाव, तुमचं नाव, सगळं चव्हाट्यावर आणल्याबद्दल मला माफ करा. तोंड लपवायला या देशात पुरेशी झाडंसुद्धा नाहीत. घरी सर्वांना यथायोग्य, आणि फोन उचलला नाहीत तरी वाजतो तेव्हा कान तिकडे असू द्या.

तुमची धाकटी जाऊ,
मैना

ता. क. भाऊजी, कागद घडी करू नका, मागे अजून आहे. आणि यात कंस नाहीत, तेव्हा सगळं मोठ्याने.

ता. क. दुसरं. आक्का, त्या पहाटे तुम्ही रांगोळी काढली होती. मी पाहिली होती, कमळांची होती, आणि मधोमध पालखी टेकायला जागा सोडली होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्नाला आठ महिने. आदल्या दिवशी माझी रांगोळी बघून सासूबाई चार बायकांसमोर म्हणाल्या होत्या, कोंबडीने पाय पुसले वाटतं. तुम्ही विहिरीवर गेलात तेव्हा मी ओलं फडकं घेऊन तुमची रांगोळी पुसून काढली. तुम्ही याल, चिडाल, दुसरी काढाल, आणि ती घाईघाईत वाकडी येईल, एवढाच माझा डाव होता. पालखी त्या वर्षी वरच्या वाटेने लवकर उतरेल हे मला काय माहीत. तुम्ही घागर घेऊन आलात तेव्हा ढोल पुढच्या घराशी वाजत होते. काढली होती, काढली होती, असं तुम्ही तीनदा म्हणालात. तेव्हा भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, झोपली असेल. फडकं माझ्या हातात होतं. जाग आली का, असं पुढच्या शिमग्याला तुम्हाला पहिल्यांदा विचारलं तेही मीच, कोणी दुसरं काही विचारू नये म्हणून. हे गेले, त्यांनाही मी सांगितलं नाही.

ता. क. तिसरं, आणि पत्र लिहिलं ते यासाठी. भाऊजी, शिमग्याआधी गावकी बसेल तेव्हा वरचा मजकूर तुम्ही उभं राहून वाचा. मी आले असते, पण माझ्या तोंडून आलं तर लोक ही माझी नवी चेष्टा समजतील. तुमच्या तोंडून आलं की खरं वाटेल, जसं त्या दिवशी वाटलं. गाळायचा विचार करू नका, पाकीट उघडंच दिलं आहे, जितेशने विमानात वाचलं असणार आणि तो आत्ता तिथेच बसला असेल. नक्कल सोनलने वहीत उतरवून घेतली आहे, तिच्या बाईंना द्यायला.

आता चष्मा काढा आणि आक्कांकडे बघा. मला त्रेचाळीस वर्षं ते जमलं नाही, दरवेळी काहीतरी थट्टा करून मी मान फिरवली.