पाठमोरा झिम्मा

आषाढ वद्य ९
शाळाखात्याचा कागद आला. नागपंचमीला मुलींचे खेळ शाळेच्या पटांगणात करायला परवानगी! दोन वर्षं मागत होते. झोके, फुगड्या, झिम्मा, आणि आया बघायला. खाली शेपूट जोडलंय: कोणा मुलीस इजा झाल्यास पुढील साली खेळ बंद, जबाबदारी बाईंची. बाईंची तर बाईंची. ह्यांना वाचून दाखवला. म्हणाले, "आता झोपेतसुद्धा हजेरी घेशील."

आषाढ वद्य ११
दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेले, खातूनबीकडे. महाराजांची स्वारी परतत होती, रस्ता अडलेला, पोचायला उशीर. तरी तासभर शिकवलं तिनं. रक्त आलं तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं. चुना नाही, राख नाही. झोक्यावरून पडली तर लगेच उचलायची नाही. बेशुद्ध पोरीच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. फेफरं आलं तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, हातपाय दाबायचे नाहीत. चप्पल, कांदा, चमचा, सगळं लांब. म्हटलं, दातखीळ बसली तर? "बसू दे. चमच्यानं पडलेले दात मी उचललेत, बाई."
थांबायचं किती वेळ? माझ्याकडे घड्याळ कुठलं! तर म्हणे, झिम्म्याची दोन गाणी होऊ द्या, तरी झटके थांबले नाहीत तर टांगा करून दवाखान्यात. हुशार बाई आहे.
निघताना म्हणाली, "पण पहिल्यांदा आयांना विचारा, कुणाला काय होतं ते."

आषाढ वद्य १३
वही घेऊन घरोघर. पाय मोडले. वही कोरी! सगळ्या आळीत एकच उत्तर: "आमच्या पोरीला काय धाड भरलीया?" लिहून ठेवलेलं दुखणं म्हणजे मोडलेली सोयरीक, असं डोक्यात बसलंय एकेकीच्या.
चंपाच्या घरी तर कहर. बाप तांबट, मागं ठोकाठोक चाललेली, त्यावर आईचा आवाज. "ठणठणीत हाय माझी पोरगी! लिवताय कशाला? वही कुनाच्या हाती लागली म्हंजे? गडहिंग्लजचं पावणं यायचं हाईत तिला बघायला." बारा वर्षांची चंपा दाराआड उभी, नखं खात. मला खुपलं काहीतरी. पण आई ठणठणीत म्हणते तिथं मी कोण?

दिव्यांची आवस
मुलींची तालीम घेतली. एक पडली की बाकीच्यांनी हात धरून रिंगण करायचं, पाठ आत, तोंड बाहेर, गाणं चालू. नाहीतर पडलेल्या पोरीवर आयांची झुंबड उडते, वारा लागत नाही. पडायची हौस चिंगीला, दहा वेळा पडली कार्टी. शिपाईण हौसाबाई कपाळाला हात लावून, "बाई, पोरीस्नी मरायचं शिकिवताय व्हय?"

नागपंचमी
निजायच्या आधी लिहून काढते.
पटांगण आयांनी गच्च. झोके झाले, फुगड्या झाल्या. झिम्मा रंगात आला आणि चंपा एकदम थांबली. डोळे वर, धाडकन खाली. अंगाला झटके. फेफरं. ठणठणीत म्हणे!
मी पोचायच्या आत चिंगीनं शेजारणीचा हात धरला. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या वाघिणींनी रिंगण केलं. तोंडं बाहेर. गाणं तुटलं नाही. एकीनंही मागं वळून बघितलं नाही.
आत मी एकटी. कुशीवर घेतलं, शालीची घडी डोक्याखाली, लाळ पदरानं पुसली. हात धरून ठेवावेत असं फार वाटलं. धरले नाहीत. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं. देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. दुसऱ्याच्या अर्ध्यात अंग सैल पडलं, श्वास नीट चालू लागला. बऱ्याच वेळानं डोळे उघडले. "पोरी गातात, बाई?"
"गातायत. पडून राहा."
बाहेर टाळ्या! आयांना वाटलं, बाईंनी नवा पाठमोरा झिम्मा बसवलाय. हौसाबाईनं चंपाला उचललं, रिंगण गात गातच वर्गाच्या दारापर्यंत आलं.
चंपाला विचारलं, तर काल भावाचा उपास, आज सकाळपासून चार लाह्या. एवढ्यावर पोरगी नाचत होती.
आईला आत बोलावलं. पहिला प्रश्न काय, तर "कुनी बघितलं?" म्हटलं, कोणी नाही. मागच्या दारानं लेकीला घेऊन गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
खातूनबी संध्याकाळी चंपाच्या घरी जाऊन आली. पोरगी बरी आहे. मला म्हणाली, "दवाखान्यात एवढं नीट होत नाही." मी फुगले की. का फुगू नये?

श्रावण शु. ७
चंपाची जागा रिकामी. हौसाबाईनं बातमी आणली, "शाळा बंद केली म्हनं तिची." वर्गात पहिली येणारी पोर! आईचा राग आला. मग स्वतःचा. नखं खाताना बघितली होती ना मी? तेव्हाच बाजूला घेऊन का नाही विचारलं?

श्रावण शु. ९
खात्याचा कागद: खेळांत काही घडले काय? "काही नाही" लिहिलं की सुटले. लिहायला घेतलंही. पण आयांना दारोदार जाऊन लपवू नका म्हणणारी मीच, आणि आता...
लिहिलं: "एका मुलीस झटका आला. मुलींनी गर्दी आवरली. मुलगी बरी आहे. नाव देणार नाही." ह्यांनी वाचलं. "खेळ जातील, कदाचित नोकरीही." कागद परत देत म्हणाले, "पण बदलू नकोस." माणूस चांगला आहे हो माझा.

श्रावण शु. ११
खात्याचं उत्तर नाही.
दुपारी चंपाची आई आली, एकटी. बसली. पाणी प्याली. मग, "काढा तुमची ती वही." काढली. "लिवा. चंपा. सातव्या वर्सापास्नं. उपाशी ऱ्हायली, जागली, की येतंय." लिहिलं. तिच्यासमोर पेटीत ठेवून कुलूप लावलं.
"गडहिंग्लजच्यास्नी काय सांगू, बाई?"
एवढंच म्हटलं, उपाशी ठेवू नका, खातूनबीला दाखवत राहा, आणि शाळेत पाठवा. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.
उंबऱ्यात वळली. "त्या दिशी मी सगळ्यांच्या म्होरं बसलेते. पोरी भाईर तोंड करून गात हुत्या, अन् मी टाळ्या वाजवीत हुते. आत माझीच पोरगी पडलीया..." एवढं बोलून पायऱ्या उतरली.
उद्या शाळा अकराला भरेल. चंपाची जागा तिसऱ्या ओळीत, खिडकीकडची. तिथं कुणाला बसू देऊ नको म्हणून हौसाबाईला सांगून ठेवलंय.