जगदेवले दिसला

६ ऑक्टोबर

अन् मंग दादा, तूच सांग, पाखरं हाकलणं हे काम होये अन् पाखरं मोजणं हे काम नोय, हे कोणी ठरवलं? मी इंझोरीहून निघालो तवा तू फाट्यावर उभा होता. एका पायानं दुसऱ्या पायाची पिंडरी घासत, जसा नेहमी घासतं. म्हणे, तीन पोते ज्वारी पाखरांले खाऊ घातली, तेवढ्यानं पोट नाही भरलं काय रे ऋष्या, आता पगार घेऊन पाखरं पाह्यतं?

आठ वर्षं झाले त्या ज्वारीले. मी वावरात माळ्यावर, मचाणावर, बसलो होतो, गोफण हातात होती. थवा कणसांवर असा उतरला की मी पाह्यतच राह्यलो, गोटा सुटलाच नाही. तू साऱ्या गावासमोर कानाखाली ठेवून दिली. मले वाटे फिटलं. तुले नाही वाटत. आता तू इथी नाही, तं या वहीतच भांडून घेतो. सातवीपर्यंतचं अक्षर हाय, हासू नको.

पण आज मन खुश हाय. शेलूबाजारच्या फय्याजनं त्याच्या आत्याकडं हे काम लावून देलं. लतीफा मॅडम. लग्न करून कोकणात देल्या, इथल्याच शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर. खाडीपलीकडच्या गावातले पाच-सहा जण मिळून या बेटावरचे पक्षी मोजतात, लय वर्षांपासून. बेटावर वस्ती नाही. एक पत्र्याची खोली, एक टाकं, अन् चारी बाजूनं पाणी. मी तिथी राहायचं अन् भरती-ओहोटी पाहून मोजायचं. तौकीर चाचानं होडीतून सोडलं. बुढा माणूस, होडीत चढतानी दर टायमाले मान वळवून मांगं पाह्यते, काही राह्यलं काय म्हणून. मले म्हणे, वऱ्हाडातून आलास, पोहता येतं का? मी म्हणलं, आमच्या इथी पोहाले पाणीच कुठी हाय चाचा. लय हासला.

समुद्र पाह्यला, दादा. आपल्या अडाण धरणाले दुसरा काठ असते. याले नाही.

९ ऑक्टोबर

काम असं हाय. ओहोटीले चिखल उघडा पडते, तवा दुर्बीण लावायची. मोजणीची वही येगळी हाय, तिच्यात पक्ष्यांचे चित्र छापलेला तक्ता, त्यात चित्रापुढं आकडा टाकायचा. कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार. तुतवार मले पह्यल्याच दिवशी ओळखू आला. पाण्याच्या काठानं एकटाच चालते अन् शेपटीकडून सारखा खालवर होते, जसं कोणी झोका देऊन राह्यलं. आपल्या तलावावर हिवाळ्यात तेच पाखरू येते. आपण त्याले नावच नाही देलं.

तक्त्याच्या खाली एक ओळ असते. हंगामात एखादा पक्षी पह्यल्यांदा ज्याले दिसला त्याचं नाव त्या ओळीत येते. हा मान असते. या ओळीसाठी हे लोक भांडतात, रुसतात. रविकांत म्हणून एक हाय, गावात बर्फ विकते. डाव्या पायात कधी काटा मोडला होता, थोडा लंगडते. गेल्या साली मॅडमनं त्याचं नाव टाकलं नाही म्हणून आठ दिवस त्यानं त्यायच्या घरी बर्फ देला नाही. मॅडम म्हणतात, वहीत लिहिलं तेच दिसलं. वहीत नाही ते कोणालाच दिसलं नाही.

१४ ऑक्टोबर

आज मॅडमनं मोजणीची वही तपासली अन् मले साऱ्यायपुढं रागावल्या. मी ओळीत लिहिलं होतं, "मॅडमले दिसला". पक्ष्याचं नाव वर तक्त्यात हायच, मंग दोनदा कायले लिहा. पण त्यायचा राग त्यावर नव्हता. हे ले ले काय आहे, म्हणे. पुढच्या माणसांनी वही वाचायची आहे, तुझी बोली नको. ले काढ. रविकांत मांगून ओरडला, ले ले, ले जा ले जा! चाचाही हासला. मीही हासलो, पण कान गरम झाले. दादा, तू कानाखाली देली तवाही असेच झाले होते.

ती ओळ मॅडमनं खोडून सोता लिहिली. ठीक हाय, पुढून काढतो.

२१ ऑक्टोबर

रविकांतले आज हंगामातला पह्यला कालवफोड्या दिसला. काळा-पांढरा, लाल चोचीचा, शिंपले फोडून खाते. रविकांत लेकरासारखा नाचला. मले म्हणे, लिही, लिही, माझ्यादेखत लिही. मी ले न लावता लिहिलं.

"रविकांत दिसला."

त्यानं वाचलं बी नाही. नाव पाह्यलं अन् मिठी मारली.

२३ ऑक्टोबर

रविकांत काल सकाळी बर्फ द्याले निघाला तो पोचला नाही. त्याच्या चपला धक्क्याच्या पायरीवर सापडल्या, एकीवर एक ठेवल्यासारख्या. होडीवाले सारी खाडी फिरून राह्यले. त्याची बायको अंजू धक्क्यावर बसून हाय.

मले मोजणं चालू ठेव म्हणलं. मोजलं. तुतवार एक जास्त हाय. माणसाले भेत नाही, खोलीच्या पायरीपर्यंत येते. डाव्या पायानं लंगडते.

२९ ऑक्टोबर

सापडला नाही. लोक म्हणतात भरतीनं ओढला.

मी तुले फोन केला होता दादा. बेटावर एकाच खडकावर रेंज हाय, तिथी उभं राहावं लागते. तू इचारलं, जेवतं काय टायमावर. ज्वारीचं नाही काढलं. मले बरं वाटलं. मंग तूच म्हणे, आपल्या तलावावर काल एक पाखरू पाह्यलं, पायात नारंगी पट्टी होती, ते तुह्या खात्याचं तं नोय? हासत म्हणे. पण मॅडमले सांगतलं तं त्यायचे डोळे भरून आले. गेल्या साली या बेटावर आम्हीच पट्टी बांधलेला तुतवार, म्हणे. तुझ्या भावाला दिसला! वाशीम जिल्ह्यात! ही नोंद सोन्याची आहे. रविकांतचं दुःख असतानी बी त्यायनं मले पेढा देला. पट्टीवरचा नंबर विचार, फोटो असेल तर माग, म्हणे, मंगच लिहायचं.

तू फोटो काढाले आता रोज तलावावर जातं, असं वहिनी म्हणे. तू! पाखराचा फोटो!

२ नोव्हेंबर

चाचाले आज पाणकावळ्यांचा थवा दिसला, हंगामाचा पह्यला. त्यायनं कधी नाव लावून घेतलं नाही म्हणे, या वेळेला लाव. लावलं. संध्याकाळी तू काढलेला फोटोही आला. हललेला हाय पण नारंगी दिसते. मॅडमनं फोनवर सांगतलं, लिही. त्याच पानावर दोन्ही लिहिले.

"तौकीर दिसला."
"जगदेव दिसला."

अक्षर चांगलं आलं. तुहं नाव या लोकायच्या वहीत, दादा.

४ नोव्हेंबर

चाचाची होडी बेटाच्या काठाले लागून हाय. इंजन गरम होतं. चाचा नाही.

चपला होडीत. एकीवर एक.

काठावर दोन तुतवार. एक लंगडा. दुसरा दोन पावलं चालते अन् मान वळवून मांगं पाह्यते. दोन पावलं, मांगं पाह्यते. काही राह्यलं काय म्हणून.

चाचाचा पोरगा अल्ताफ आला. काठानं हाका मारत फिरला, अब्बा, अब्बा. ते पाखरू त्याच्या मांगं-मांगं चालत होतं. त्यानं पाह्यलं नाही.

५ नोव्हेंबर

वही उघडली. वाचली. मोठ्यानं वाचली.

मॅडम म्हणल्या होत्या ले काढ. म्हणजे त्याच्या जागी ला लाव, असं त्यायचं म्हणणं. मी नुसता काढला. रविकांतले दिसला, असं होतं ते — रविकांत दिसला, झालं. पाहणारा होता तो दिसणारा झाला. वहीत लिहिलं तेच —

जगदेव दिसला.

खडकावर पळत गेलो. वहिनीनं उचलला. वैष्णवी वहिनी कधी रडत नाही, तुले माहीत हाय. तुहे दादा परवा सकाळी नीट फोटो काढाले म्हणून तलावावर गेले, म्हणे. तलावाच्या पाळीवर, बांधावर, चपला हायेत. गावातले पोहणारे तळ सोडून सारं पाहून आले. मी इचारलं, चपला एकीवर एक होत्या काय वहिनी. तिनं इचारलं, तुले कसं माहीत?

६ नोव्हेंबर

दिवसभर मोजलं. माणसाले न भेणारे तुतवार दोन. दोनच.

इंझोरीहून इथपर्यंत उडत याले किती दिवस लागत असतीन, दादा?

७ नोव्हेंबर

दोन.

मॅडमले सारं सांगतलं. त्या हासल्या पह्यले. म्हणल्या, तुला ताप आहे. मंग वही हातात घेतली, ती ओळ पाह्यली. ओठ हलले पण मोठ्यानं वाचली नाही. वही माह्या मांडीवर ठेवून उठल्या. जातानी एवढंच म्हणल्या, मी बोलीला हसले, देवा, मी नुसती बोलीला हसले.

रविकांतच्या ओळीत ले लावून पाह्यला. "रविकांतले दिसला."

८ नोव्हेंबर

रविकांत आला.

सकाळच्या भरतीनं आणला. पोटावर पडलेला, डाव्या पायाचा तळवा वर. अंजूनं पायावरूनच ओळखला. लंगडं पाखरू कुठीच नाही.

म्हणजे ले लावला की माणूस परत येते. पण कसा आला? रविकांतले दिसला — कोण दिसला? मी कोणाचंच नाव टाकलं नव्हतं. जागा रिकामी. रिकाम्या जागेवर तसाच आला, रिकामा.

दिसणारं कोणी लागते, अन् माणसाच्या बदल्यात माणूसच.

दुपारी तुतवार पुन्हा दोन झाले. नवा आला तो थकलेला हाय. चिखलात एका पायावर उभा राह्यला. अन् दुसऱ्या पायानं —

पिंडरी घासून राह्यला, दादा.

९ नोव्हेंबर

तू पायरीपाशी आला. मी तांदूळ टाकले, खाल्ले नाही. ज्वारी नाही इथी. कुठून आणू ज्वारी.

मी म्हणलं, दादा, मार. ये कानाखाली दे. नुसतं पाह्यत राह्यला.

अल्ताफ रोज येते. रोज हाका मारते. चाचाचीही ओळ हाय त्या पानावर, मले दिसते. त्याच्या बापाले आणता येते, मले माहीत हाय कसं. पण माह्यापाशी टाकाले नाव एकच हाय, माहं सोताचं. दोघायले नाही पुरत. अल्ताफनं आज मले भाकरी आणून देली. त्याच्याकडं पाहू नाही शकलो.

१० नोव्हेंबर

लिहिलं. पेन दाबून. ले सकट. मोजणीच्या वहीत असं लिहू नये म्हणे, पण आपली बोली आपल्यालेच कामी येते.

"जगदेवले ऋषिकेश दिसला."

तू काठावर होता. एकदम उडाला. पाण्यावरून सरळ, खाली-खाली. इंझोरीकडं.

१२ नोव्हेंबर

पाय हलके. जेवण जात नाही. चिखलाचा वास चांगला वाटून राह्यला —

बसलं की मांगून सारखा खालवर. थांबवतो तं थांबत नाही.

१४ नोव्हेंबर

खडकावर गेलो. वहिनी रडत-हासत होती. आले, म्हणे. पाळीवर बसले होते, ओले, पायात चपला नाही. जेवले. पह्यले इचारलं, ऋष्याचा फोन आला काय.

तुह्या कानाले फोन लावला तिनं. मी बोललो दादा. लय बोललो. आठ वर्षाचं सारं —

तू म्हणे, हॅलो. हॅलो. वैष्णवे, आवाज नाही येऊन राह्यला. नुसती शिटी वाजून राह्यली, बारीक. पाखरावानी.

१५ नोव्हेंबर

पेन धरता येत नाही. बोटं चिकटून —

अल्ताफ ही वही अन् पैसे घेऊन जाईन. फय्याजपाशी देईन, तो तुह्या हाती. त्याले म्हणलं, मले माफ कर. त्याले वाटलं पैसे पोचवायच्या तकलीफीचं म्हणतो. म्हणे, काय बडी बात नाही भाऊ —

दादा, औंदा ज्वारी पेरजो. थोडीशी. माळ्यावर तू बस. एखादं पाखरू एकटंच आलं, थवा नाही, एकटं — कणसावर नाही बसलं, नुसतं बांधावर उभं राहून खालवर झालं — तं गोफण —

गोटा सोडू नको. मी नव्हता सोडला.

चपला काढून ठेवल्या. ठेवतानी आपोआपच एकीवर एक —

भांडण मिटवतो. तीन पोते, त्या सालचा भाव अठराशे. तुह्या ज्वारीचे पाठवून राह्यलो, मोजून घेजो, पाच हजार चारश—