नावातलं मधलं अक्षर

सानपाडा, नवी मुंबई
बुधवार, १० डिसेंबर १९९७

प्रिय हौसेराव,

नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. इकडे ठीक आहे. गुडघे आहेत तसेच आहेत. सकाळी खाडीवरून गार वारा येतो आणि उगाच आपली कोरेगावची शाळा आठवते. आपण ओळीनं बसून वृत्तं घोकायचो. मी डोळे मिटून भुजंगप्रयात म्हणायचो आणि तू डोळे टक्क उघडे ठेवून बोटांवर लघुगुरू मोजायचास. गुरुजी म्हणायचे, "कृष्णात कविता म्हणतो, हौशा हिशोब करतो." सगळा वर्ग हसायचा. त्या हसण्यावर मी मराठीच्या मास्तरकीची सगळी वर्षं काढली बघ. आणि तू तोच हिशोब करत करत मोठा शास्त्रज्ञ झालास.

तू काय विचारलंयस ते माझ्या लक्षात आहे. येतो त्याकडे.

आधी भिंतीचं सांगतो. माझी लेक राजेश्वरी तुझ्या हाताखाली संशोधन करू लागली आणि तू दर रविवारी घरी यायला लागलास, तेव्हा तिनं हॉलची एक भिंत काळी रंगवून घेतली. फळ्यासमोर माझा जन्म गेला रे. आता माझ्याच घरातल्या फळ्यावरची एक ओळ मला कळत नाही. तू बूट काढता काढता म्हणतोस, "राजी, तिसऱ्या ओळीत चिन्ह उलटं पडलंय," आणि ती खडू घेऊन धावते. मी चहाचा ट्रे घेऊन उभा. चहा निवतो.

'राजी' तिला तिची आई, उज्वला म्हणायची. उज्वला गेल्यावर मी ती हाक उचलून आत ठेवून दिली होती. तू न विचारता ती घेतलीस. तुला ठाऊक नसणार, म्हणून सांगितलं. राग नाही.

थोडा आहे.

मागे एकदा मी हट्ट धरला, मलाही समजाव म्हणून. तू खुर्चीत पेपर वाचत होतास. ती म्हणाली, "बाबा, मेसॉन म्हणजे एरवी एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क, अशी जोडी. पण गणित म्हणतं, काही मेसॉन या जोडीच्या नियमात बसणार नाहीत. त्यांच्यात जोडीला बांधणारी दोरीच थरथरते, आणि ती थरथरसुद्धा त्या कणाचा भाग होते."

"म्हणजे यमक जुळलेल्या दोन ओळी, पण त्यांची चाल हीच तिसरी ओळ?"

"अगदी तसंच काहीसं!"

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात तू पेपराआडून म्हणालास, "मास्तर, त्या चालीचं वस्तुमान किती भरतं तेवढं सांगा." दोघं हसलात. मीही हसलो. शाळेतला वर्ग आठवला, फक्त या वेळी बाक बदलले होते.

मग ती म्हणाली, क्वार्क एकटा कधी सापडत नाही. ओढून लांब न्यावा तसा ताण वाढतच जातो. मला त्यात जे दिसलं ते मी बोललो नाही. पुन्हा वस्तुमान विचारलं असतंस.

बरं, निबंधाचं. तुमचे निबंध छापून आले की मी शेवटपर्यंत पानं उलटतो. समजत नाही, पण नावं वाचतो. आधी तुझं, मग 'आर. के. निकम'. आपल्याकडे लेकराच्या नावात मध्ये बाप असतो. तो 'के' मी होतो. एवढ्या समीकरणांच्या रानात एक अक्षर आणि एक टिंब, पण होतो. नव्या निबंधात नुसतं 'आर. निकम' आलंय. विचारलं तर म्हणाली, "सर म्हणाले, तिकडे मधलं नाव कुणी घेत नाही."

असेल. तिकडची रीत तुला ठाऊक.

आता तू विचारलंस त्याकडे येतो. अमेरिकेतल्या प्रयोगात असल्या मेसॉनची चाहूल लागल्याची बातमी आली आणि राजेश्वरीचं चित्त उडालं, कारण तिच्या गणितातला वस्तुमानाचा आकडा त्याहून बराच वर येतो. प्रयोग चुकलाय, की ती, की दोघांना दिसलंय ते वेगवेगळं, हे तपासायला जर्मनीवाले तिला दोन वर्षं बोलावतायत. ती मला हसत म्हणाली, "नाही जायचं मला, तिथली थंडी कोण सोसणार?" तुझ्यापुढे मात्र रडली, 'बाबांना एकटं टाकून कशी जाऊ' म्हणाली, असं तू लिहितोस. रडायलासुद्धा तिला तुझी खोली लागली. 'तू एकदा जा म्हण, मगच ती जाईल,' असं तुझं पत्र. ते वाचून मी इतका चिडलो की उत्तरच लिहिलं नाही.

आज सकाळी दिवाळे गावची पुतळा कोळीण पाटी घेऊन दारात आली. नेहमीची मासळीवाली. मी देशावरचा माणूस, मला काटे काढता येत नाहीत, राजेश्वरीच काढून देते, हे तिला माहीत आहे.

"मास्तर, तुमची पोर काय सांगून गेली, ठाव हाय? मी नसली की बाबांना काट्याचं मावरं देऊ नको. सुरमईच दे."

"नसली की म्हणजे? कुठं जातेय ती?"

"आता! जर्मनीन जातेय ना?"

"नाही म्हणून कळवणार आहे ती."

"तोंडान नाय म्हनते, मास्तर. मन तिचं कवाच जर्मनीच्या इमानान बसलंय. तुमच्या जेवनाचं गनित जमत नाय, म्हनून थांबलीय."

हौसेराव, खरं सांगू? हे जेवणाचं तुलाही ठाऊक नव्हतं, याचंच आधी बरं वाटलं.

मी बोईट घेतलं, चांगलं काटेवालं. दुपारी राजेश्वरी घरीच होती. तिनं सवयीनं माझं ताट ओढलं, मी धरून ठेवलं. हळूहळू जेवलो. एक काटा घशात अडकला, भाकरीच्या घासानं उतरवला. उरलेले ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवले.

"बाबा, हे कधी शिकलात?"

"आत्ता. राजी, जर्मनीला जा."

ती काट्यांकडेच बघत राहिली. मग उठून फोनपाशी गेली. कुणाला करणार ते मला माहीत होतं. रिसीव्हर उचलला, थोडा वेळ हातात धरला, परत ठेवला. म्हणाली, "सरांना रविवारी सांगू. आज तुम्ही बसा माझ्याजवळ."

म्हणून हे घाईनं लिहितोय. शनिवारपर्यंत तुला पोचेल. रविवारी ती समोर असते आणि फोनवर मला असलं बोलता येत नाही. रविवारी ती सांगेल तेव्हा चकित हो. तुला सोंग कधी जमलं नाही, तरी हो. तू मला पत्र लिहिलं होतंस, हे तिला जन्मात कळू देऊ नकोस. तिचं गणित तुला दिलं, फळा दिला, आईनं ठेवलेली हाकही दिली. हे एक 'जा' माझ्या एकट्याच्या नावावर असू दे.

आणि पुढच्या निबंधात ते 'के' परत घाल. जागा फार लागत नाही.

तुझा,
राजेश्वरीच्या नावातला मधला,
कृष्णात